यांनी पाहिलेला संगणक

आमच्या घरातला संगणक सुरू होताना आधी एक सूर लावतो. एकच सूर, भरीव, जाडसर, पितळेच्या पातेल्याच्या काठावर लाकडी पळी हलकेच टेकावी तसा. तो हवेत विरत असतानाच एका बाईचा आवाज बोलू लागतो. ही यंत्रातली बाई. कोणती खिडकी उघडी आहे, कर्सर कोणत्या शब्दावर थांबला आहे, कोणाचा निरोप आला आहे, हे ती न कंटाळता सांगत राहते, आणि तिच्या सांगण्याच्या आधाराने माझे पती दिवसभर काम करतात. यांना दिसत नाही.

नजर एकदम गेली नाही. अंगणातलं ऊन संध्याकाळी चहूबाजूंनी आकसत जावं तशी ती कडांपासून आत आकसत आली. अंबडच्या एका कारखान्यात हे तपासणी विभागात होते; तयार झालेला सुटा भाग हातात घेऊन त्यातला केसाहून बारीक फरक पकडणं हे यांचं काम. ती नोकरी सुटली तेव्हा नजरेच्या मधोमध नाण्याएवढा उजेड उरला होता. त्या नाण्याएवढ्या उजेडात यांनी हा संगणक पाहून, निवडून घरी आणला आणि त्याची कळन् कळ पाठ केली. पुढे तो उजेडही मावळला, पण तोवर बोटं तयार झाली होती. काही कळांवर मी नेलपॉलिशचे थेंब दिले होते. वाळून त्यांचे टणक ठिपके झाले. त्या ठिपक्यांवरून यांची बोटं आजही वाट काढतात.

या संगणकावरून हे दहावीच्या मुलांना गणित शिकवतात. भूमितीची आकृती हे शब्दांनी काढतात. “बिंदू घ्या. आता त्याच्यापासून उजवीकडे चालायला लागा,” असं म्हणतात, आणि पलीकडे कुठल्यातरी घरात एक पेन्सिल वहीवर चालू लागल्याची खसखस कधीकधी इथवर ऐकू येते. यांच्या दिवसाला जो आकार आहे तो त्या वर्गाने दिलेला आहे, हे मी शेजारच्या खोलीत भाजी निवडताना ऐकत आले आहे.

गेल्या वर्षी श्रावणात त्या वर्गाच्या संकेतस्थळाकडून सूचना आली. दिवाळीनंतर जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वर्ग उघडणार नाही. संगणक अद्ययावत करून घ्यावा. यांनी अपडेट शोधलं, तर यंत्रातल्या बाईने तिच्या नेहमीच्या समतोल स्वरात सांगितलं की आपल्या संगणकासाठी एकही अपडेट उपलब्ध नाही. बनवणाऱ्या कंपनीने या वयाच्या यंत्रांचं नाव आपल्या यादीतून काढलं होतं. दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने झाकण उघडूनही पाहिलं नाही. “सर, हा रिटायर झाला. नवीन घेऊन टाका,” तो म्हणाला. रिटायर या शब्दावर हे थोडंसं हसले.

नवीन घेणं आम्हाला जड नव्हतं. मी तसं म्हटलंही. घरी आल्यावर हे बराच वेळ संगणकाच्या थंड पाठीवर तळवा ठेवून बसले, आणि मग म्हणाले, “नवा चांगलाच असेल गं. आवाजही हाच असेल त्यात. पण तो मी कधी पाहिलेला नसेल. हा मी पाहिलेला आहे.”

आत्तापर्यंत मला वाटत होतं की हे त्या यंत्राला ऐकतात. हे त्याला पाहत होते. बोट ज्या कळेवर टेकत होतं ती कळ, तिच्यावरचं करडं अक्षर, समोरचा पडदा, त्यावरच्या चित्रांची रांग, सगळं आत कुठेतरी लख्ख उजेडात ठेवलेलं होतं. घरातल्या बाकीच्या वस्तू हळूहळू बदलल्या होत्या, नवा पंखा, नवे पडदे, माझे पांढरे केस. यांच्या आतल्या उजेडात त्यांना जागा नव्हती. संगणक होता.

मी वन्संना फोन लावला.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. वणीच्या रस्त्याला द्राक्षबागायतदारांच्या घरात दिलेली. भौतिकशास्त्राची पदवी, मोठा आवाज, आणि स्वतःविषयी कसलाही गैरसमज नाही: आपल्याला पुष्कळ कळतं हे त्यांना ठाऊक आहे आणि त्या ते लपवत नाहीत. बागेच्या शेडमध्ये, फवारणीच्या पंपांशेजारी, त्यांनी लोकांनी टाकून दिलेले संगणक मांडून ठेवलेले आहेत आणि ते सगळे चालतात. त्यांच्याकडे गेलं की कोथिंबिरीची जुडी, द्राक्षाचा रस आणि या संगणकांचं कौतुक अशा तीन गोष्टी मिळाल्याशिवाय परतता येत नाही.

त्या आल्या, पाणी प्यायल्या आणि संगणकाकडे न जाता भावासमोर बसल्या.

“कोणी सांगितलं रिटायर झाला म्हणून?”

“दुकानदाराने.”

“आणि कंपनीने,” मी म्हटलं.

“कंपनीने नाही म्हटलं ना, वहिनी. यंत्राने म्हटलंय का?” त्यांनी संगणक सुरू केला, सूर ऐकला, बाजूला कान लावून पंख्याची घरघर ऐकली, पाठीवर तळवा ठेवून ऊब पाहिली. तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवावा तसा तो हात होता. “लय चांगला आहे. दादापेक्षा बरी तब्येत आहे याची.”

“मग नवी सिस्टिम बसव की आज,” हे उत्साहाने म्हणाले.

“आज? आज मी फक्त विचारणार.”

आणि त्यांनी खरंच फक्त विचारलं. बॅकअप आहे का? आहे, हे म्हणाले, वेगळ्या डिस्कवर दर आठवड्याला घेतो. उघडून पाहिला आहे का कधी? नाही, ते कधी नाही. “न उघडता घेतलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत असते, दादा,” असं म्हणून त्यांनी ती डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली आणि यांच्याकडून एकेका फाइलचं नाव विचारून ती उघडून पाहिली. जुनं टिपण, मुलांच्या हजेरीची यादी, एक फोटो. सगळं उघडलं तेव्हा त्यांनी चहा घेतला.

त्या दिवशी मला जे कळलं ते असं. कंपनीने ज्या यंत्रांना नाही म्हटलं त्यांच्यासाठी जगभरातल्या काही हौशी माणसांनी एक छोटा प्रोग्रॅम तयार केला आहे. ती माणसं एकमेकांना भेटलेली नाहीत, त्यांना कोणी नेमलेलं नाही. त्यांचा प्रोग्रॅम यंत्र सुरू होताना आधी जागा होतो आणि नव्या ऑपरेटिंग सिस्टिमला या जुन्या देहाशी बोलायला शिकवतो. वन्संनी हे समजावताना कागद मागितला नाही. खिडकीतून बाहेर हात केला, जणू बाग इथेच होती.

“आमच्याकडे द्राक्षाचा वेल स्वतःच्या मुळावर उभा नसतो, वहिनी. खाली रानवेलीचा खुंट असतो. त्याला खारं पाणी चालतं, कमी पाणी चालतं. त्याच्यावर आपल्याला हवी ती जात बांधायची. खुंट जुना आणि दणकट, वरची फांदी नवी. मधे पट्टी नीट बसली पाहिजे, बस्स. हा प्रोग्रॅम म्हणजे ती पट्टी.”

“आणि पट्टी सुटली तर?” मी विचारलं.

“म्हणून तर आज नाही बसवत.”

पुढच्या खेपेस त्यांनी पुन्हा आतल्या डिस्कला हात लावला नाही. बागेत नवं औषध आलं की ते पहिल्यांदा सगळ्या बागेवर कधीच फवारत नाहीत. कडेच्या एका ओळीवर मारतात आणि पानं काय म्हणतात ते पाहतात. वन्संनी एक बाहेरची डिस्क आणली, नवी प्रणाली तिच्यावर बसवली आणि यांचा संगणक त्या डिस्कवरून चालू करून दिला. आत जुनं सगळं जसंच्या तसं होतं. बाहेरची वायर काढली की घर पहिल्यासारखं. “ही तुझी एक ओळ,” त्या भावाला म्हणाल्या. “महिनाभर वापर. वर्ग घे, टायपिंग कर, त्या बाईशी भांड. कुठे अडलं की मला सांग. आणि तक्रार नसली तरी सांग, नाहीतर मला वाटेल तू वापरतच नाहीस.”

यंत्रातल्या बाईचा आवाज नव्या प्रणालीत किंचित वेगळा होता. मला तो अधिक गुळगुळीत वाटला. यांना वाटलं तिला थोडी सर्दी झाली आहे. वन्संनी जुना आवाज शोधून उतरवून घेतला. पडद्यावर खिडकी सरकवली की ती आधी ओल्या साडीसारखी अंगाला चिकटत, ओढत यायची. दृश्यांचा भाग सांभाळणाऱ्या जुन्या तुकड्याशी नव्या प्रणालीची ओळख नव्हती, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी त्या हौशी मंडळींच्या प्रोग्रॅममधून आणखी एक पट्टी बांधली आणि खिडकी रेशमासारखी सरकू लागली. यांना ते दिसणार नव्हतं. तरी त्यांनी खिडकी तीन-चारदा इकडून तिकडे नेऊन पाहिली, आणि समाधान झाल्यावरच हात खाली घेतला.

महिनाभराने आत बसवायची वेळ आली तर हे अडून बसले. “पितृपक्ष आहे.”

“तुझा संगणक काय लग्न करतोय का?”

“नको म्हणजे नको.”

“बरं,” वन्सं म्हणाल्या, आणि इतक्या चटकन म्हणाल्या की मी चमकले. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी हळूच सांगितलं की त्यांनाही थांबायचंच होतं. प्रणालीची आणखी नवी आवृत्ती त्याच आठवड्यात आली होती आणि त्या मंडळींच्या चर्चेत लोक तक्रारी लिहीत होते. कुणाचा आवाज बंद पडला होता, कुणाचं वायफाय. “आपण जुन्या, बसलेल्या आवृत्तीवरच राहायचं. घाई करणाऱ्यांना आधी ठेचकाळू द्यायचं. पितृपक्षाची सबब त्याची, कारण माझं.”

घटस्थापनेला त्या पहाटे निघून आल्या. घरात घटाखालच्या ओल्या मातीचा वास होता. देवघरात त्यांनी हात जोडले आणि मग संगणकासमोर बसल्या. संगणकाच्या उजव्या कडेला त्यांनी एक पेन ड्राइव्ह जोडला. त्याच्यातच तो आधी जागा होणारा प्रोग्रॅम होता. आतली जुनी प्रणाली पुसली गेली. नवी बसताना पडद्यावर एक पांढरी रेघ मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती, थांबत होती, यंत्र मधेच काळं पडून पुन्हा सूर लावत होतं. प्रत्येक वेळी सूर आला की यांची मान किंचित वर व्हायची. शेवटी बाई बोलली. यांनी वर्गाचं संकेतस्थळ उघडून पाहिलं, ते उघडलं. यांच्या फायली बॅकअपमधून परत आपापल्या जागी आल्या.

वन्संनी जाताना दोन गोष्टी बजावल्या. पहिली अपडेटविषयी. कोपऱ्यात लाल आकडा दिसेल, बाई सांगेल की नवं काहीतरी आलं आहे. “तो दारी आलेला पाहुणा नाही, त्याला या बसा म्हणायचं नाही. आपोआप येणारं मी सगळं बंद केलंय. आधी आपला प्रोग्रॅम नवा झाला पाहिजे, मग कंपनीची प्रणाली, मग पुन्हा पट्टी. हा क्रम उलटला की मी फोन उचलणार नाही.” दुसरी पेन ड्राइव्हविषयी. तो आत्ता बाहेरच राहील. नवरात्र नीट गेलं तर दसऱ्याला येऊन त्यातलं सगळं आतल्या डिस्कवर टाकीन. “तोवर हा काढायचा नाही.”

“चालू मशीनमधून काही काढत नसतात, हे तू मला शिकवणार?” हे म्हणाले.

त्या गेल्यावर मी पडद्याकडे पाहत उभी राहिले. आधी तिथे यांनीच काढलेला एक फोटो असायचा: गंगापूर धरणाच्या काठावरची सकाळ, राखाडी पाणी, आणि कडेला, फोटोत यायचं नसताना आलेली माझी निळी ओढणी. नजर आकसत असतानाच्या दिवसांत यांनी तो काढला होता. आता त्या जागी प्रणालीबरोबर आलेलं एक भडक, रंगांच्या लाटांचं चित्र होतं, आणि खालच्या चित्रांची रांगही वेगळीच होती. यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. नऊ दिवस मी त्या खोलीत पडदा पुसायला गेले की तो रंगीत पूर मला डोळ्यांवर यायचा, आणि मनात यायचं की यांच्या हाताखाली आता जे आहे आणि आत जे आहे ते दोन वेगळे संगणक आहेत, आणि हे फक्त मलाच माहीत आहे.

दसऱ्याला यांचा नवा वर्ग संध्याकाळी सुरू व्हायचा होता. मुहूर्त यांना हवा असतो. सकाळी झेंडूचा ढीग आला. आमच्या भागात फुलं शहराला लागून असलेल्या मळ्यांतून येतात, आणि त्यांच्या देठांना अजून चिखल असतो. दारावर तोरण, सायकलला माळ, शिलाई मशीनला माळ. संगणकाची पूजा हे स्वतः करतात. अंबडला असताना कारखान्यात दसऱ्याच्या आधी सगळी यंत्रं बंद करून धुतली-पुसली जात, आणि एक रीत होती: यंत्राला जोडलेलं जे जे सुटतं ते सोडवायचं, प्रत्येक हत्यार पुसायचं आणि यंत्रासमोर पाटावर मांडून त्याला हळदकुंकू लावायचं. वर्षभर यंत्राने जे जे धरून ठेवलं त्याला त्या दिवशी मोकळं करायचं. यांनी ती रीत घरी आणली होती. माउस, हेडफोन, वायर, एकेक सोडवून मऊ फडक्याने पुसून हे पाटावर ठेवत होते. मी स्वयंपाकघरात श्रीखंडात वेलची घालत होते. उदबत्ती, झेंडू आणि वेलची असा तिहेरी वास घरभर होता.

दुपारी जेवणानंतर यांनी सगळं पुन्हा जोडलं आणि संगणक सुरू केला. सूर आला. मग काही नाही.

मी पानं उचलत होते. सुरानंतर जी जागा बाईच्या आवाजाने भरायची ती रिकामी राहिली, आणि तो रिकामेपणा मला स्वयंपाकघरात ऐकू आला. हे बसलेलेच होते. दोन्ही हात कीबोर्डवर, बोटं हलत नव्हती.

“स्क्रीनवर काय आहे?”

काळ्या पडद्यावर मधोमध एक करडा गोल होता, आणि त्यावर तिरकी रेघ. रस्त्यावर प्रवेश बंद असल्याची जी खूण असते ती. मी यांना तसं सांगितलं. सांगताना माझा आवाज खाली गेला.

“म्हणजे घेत नाहीये,” हे म्हणाले. पुन्हा बंद केला, पुन्हा सुरू केला. सूर, गोल, रेघ. तिसऱ्यांदा हात पाठीवर ठेवून बसले, पहिल्या दिवशी बसले होते तसेच. “दुकानदार म्हणत होता ते ऐकायला हवं होतं,” इतकंच बोलले.

वन्संना फोन लावला. त्या सोनं घेऊन निघाल्या होत्या आणि वणीच्या गडावरून उतरणाऱ्या भाविकांच्या गर्दीत त्यांची पिकअप अडकली होती. फोनमध्ये मागून ढोल, हॉर्न आणि कुणीतरी चिक्की विकत असल्याची हाक येत होती.

“गोल आणि रेघ? नक्की?” त्यांनी विचारलं.

“नक्की.”

“चांगलं आहे मग.”

“चांगलं काय आहे त्यात?” हे ओरडले.

“मेला असता तर गोलही नसता आला. प्रणाली आत आहे, तिची ओळख करून देणारा जागेवर नाही, एवढंच. वहिनी, पेन ड्राइव्ह कुठाय?”

मी पाहिलं. उजव्या हाताची ती जागा रिकामी होती.

“नाहीये.”

पलीकडे क्षणभर फक्त ढोल वाजला. “पूजा झाली का तुमची?”

“झाली.”

“मग पाटावर काय काय आहे ते सांगा.”

पाटावर झेंडूच्या पाकळ्यांखाली, आपट्याच्या पानाला टेकून, पेन ड्राइव्ह होता. त्याच्या कपाळावर हळदीचं आणि कुंकवाचं बोट उमटलं होतं, आणि तोंडाच्या चौकटीत अक्षतेचा दाणा अडकला होता. वायर, माउस आणि हेडफोन यांनी परत जोडले. हा नवा असल्याने यांच्या हाताच्या पाठांतरात अजून नव्हता, तो राहिला.

“दादा,” फोनमधून आवाज आला, “मी काढू नको म्हटलं होतं ना?”

“चालू असताना म्हणालीस.”

“मी असं कधी म्हटलं?”

“मशीनला सगळे तसंच म्हणतात! बंद होतं की. बंद मशीनमधून काढायचंच असतं.”

“खंडेनवमीचा नियम लावलास तू माझ्या पेन ड्राइव्हला?” आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की चिक्कीवाल्याची हाक बुडाली. हे हसले नाहीत, पण खांदे खाली आले.

मग त्यांनी आम्हाला एकेक पायरी दिली. पाणी अजिबात लावायचं नाही. कोरड्या, मऊ ब्रशने, तोंड खाली करून झटकायचं. माझा रंगकामाचा जुना ब्रश मी आणला. कुंकवाची लाल धूळ माझ्या ओंजळीत पडली, आणि शेवटी तो दाणाही. अडकलेलं आणखी काही नाही ना हे उजेडात धरून तीनदा पाहायला सांगितलं, तेव्हाच त्यांनी तो जोडू दिला. “आता सूर आला की लगेच ऑप्शनची कळ दाबून धरायची, चित्रं दिसेपर्यंत सोडायची नाही. कळ दादा दाबेल, त्याला ती कुठे आहे माहीत आहे. बघणार तुम्ही.”

सूर आला. यांचं बोट ठिपक्यावरून घसरून त्या कळेवर गेलं आणि तिथे रुतून बसलं. मी यांच्या खांद्यावर हात ठेवून पडदा पाहत होते. काळ्यातून एक चित्र उजळलं, मग दुसरं.

“आली. दोन आहेत.”

“पिवळसर कुठलं, वहिनी?”

“उजवीकडचं.”

“दादा, एकदा उजवा बाण. मग एंटर.”

बोटाने एक पाऊल टाकलं, मग दुसरी कळ दाबली. पडदा काळा झाला. फोनमधला ढोल चालूच होता. पांढरी रेघ उमटली, मुंगीच्या चालीने निघाली, टोकाला पोचली. आणि बाई बोलली. तिने पासवर्ड मागितला, रोजच्यासारखा, जणू ती पाणी पिऊन आली होती.

हे खुर्चीत मागे टेकले. “ऐकलंस का गं?” यांनी फोनला विचारलं.

“ऐकलं. सर्दी बरी झाली दिसतेय तिची,” वन्सं म्हणाल्या. “आता मी येईपर्यंत कशालाही हळदकुंकू लावू नका.”

त्या आल्या तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. छाटणीचे दिवस होते. बोटांना वेलीच्या चिकाचे डाग होते आणि अंगाला कापलेल्या लाकडाचा हिरवट वास. सोनं दिलं, भावाच्या पाया पडल्या, मग म्हणाल्या, “ऊठ. आत टाकते सगळं. तुझ्या रीतीला पुरून उरेल असं करते.”

मी चहा ठेवायला गेले. या बाईचं मला किती कौतुक वाटतं हे त्यांना कधी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर “ते मला माहितेय” असं उत्तर आलं असतं. पण आधण उकळत असताना मी विचार करत होते की गेले दोन महिने त्यांनी नव्याला एकदाही घाईने आत घेतलं नव्हतं आणि जुन्याला एकदाही केविलवाणं म्हटलं नव्हतं. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी परतीची वाट शाबूत आहे का ते पाहून घेतलं होतं. आणि आज आमच्या हातून चूक झाली तेव्हा ती चूक एका पेन ड्राइव्हएवढीच राहिली होती, कारण बाकी सगळं त्यांनी आधीच सुरक्षित ठेवलं होतं.

चहा घेऊन गेले तर त्यांनी पेन ड्राइव्ह काढून यांच्या हातात दिला होता. “आता पाटावर ठेव, गळ्यात घाल, काहीही कर.” संगणक सुरू केला. सूर, आणि मधे कुठेही न अडखळता बाई. यांनी उजव्या कडेवरून बोट फिरवलं. जिथे नऊ दिवस काहीतरी उपरं टोचत होतं तिथे आता नुसती गुळगुळीत कड होती.

“पहिल्यासारखा झाला,” हे म्हणाले. मग थोडं थांबून, माझ्या दिशेने मान वळवून: “हो ना? स्क्रीन कशी दिसते आता?”

हा प्रश्न येऊ नये म्हणून मी नऊ दिवस जपले होते. खरं सांगायचं ठरवून मी पडद्याकडे पाहिलं.

राखाडी पाणी होतं. धरणाच्या काठावरची ती सकाळ होती. खालची चित्रंही एका ओळीत, जुन्याच क्रमाने, आपापल्या जागी बसवलेली होती.

मी वन्संकडे पाहिलं. त्या बशीत चहा ओतत होत्या. “काय बघता, वहिनी? साखर कमी आहे,” त्या म्हणाल्या.

“काठावर तुझी ओढणी आहे का अजून?” यांनी विचारलं.

“आहे,” मी म्हटलं. “निळीच आहे.”

यांनी मान हलवली, हेडफोन चढवला आणि वर्ग उघडला. पलीकडून एकेक आवाज “हजर सर” म्हणत आत येऊ लागला, आणि हे त्यांना म्हणाले, “एक बिंदू घ्या.”